उत्तर जाईपर्यंत

गाडीच्या बंपरला पाठ लावून उभा असलेला माणूस मला सांगत होता, की मोरखिंडीला गाडी येत नाही.

"लिवा तुमी," तो म्हणाला. "साल झालं, गाडीचं त्वांड बघितलं न्हाय आमी."

मी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. इंजिन अजून गरम होतं, त्याची धग माझ्यापर्यंत येत होती. त्याच गाडीतून मी दहा मिनिटांपूर्वी उतरले होते आणि उतरताना माझी कागदांची पिशवी ह्याच गृहस्थाने हातात घेतली होती. माझ्या डोक्यात काही शिरेना.

"मग ही काय आहे?" मी विचारलं.

त्याने मान वळवून गाडी नीट न्याहाळली. "ही आज आली आसंल," तो म्हणाला. "तुमास्नी घिऊन."

ही शहाण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी, वैजयंता साळोखे, तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या कचेरीत लिपिक होते आणि माझं टेबल होतं विधानसभा प्रश्नांचं. कुठल्याही आमदाराने सभागृहात आमच्या जिल्ह्याबद्दल काही विचारलं की त्याची माहिती गोळा करून मुंबईला पाठवायची, हे माझं काम. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात प्रश्न शंभर तऱ्हेचे आणि उत्तरं दोनच. आमदार विचारणार, अमुक अमुक हे खरे आहे काय? आम्ही लिहिणार, हे खरे नाही. आमदार पुढे विचारणार, असल्यास त्याची कारणे काय? आम्ही लिहिणार, प्रश्न उद्भवत नाही. पाच वर्षांत मी हे इतक्या वेळा टाइप केलं होतं, की आमटीत मीठ कमी पडलंय का असं आईने विचारलं तरी माझ्या तोंडी तेच यायचं.

मोरखिंडीचा प्रश्न डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनासाठी आला. एकात तीन होते. मोरखिंड या डोंगरावरच्या गावाला जाणारी गाडी वर्षभर बंद आहे, तिथल्या शाळेला शिक्षक नाही आणि आरोग्य उपकेंद्राला परिचारिका नाही, हे खरे आहे काय? मी तिन्हीकडे पत्रं पाठवली. डेपोने कळवलं, शाळा आणि उपकेंद्र बंद असल्याने प्रवासी नाहीत, सबब गाडी बंद. शाळा खात्याने कळवलं, गाडी नसल्याने शिक्षक हजर होत नाहीत. आरोग्यवाल्यांनी कळवलं, पद भरलेले आहे, परंतु जाण्यास वाहन नाही. तिन्ही पत्रं पुढ्यात ठेवून मी अर्धा दिवस बसले. एकेक वाचलं तर खरं होतं आणि तिन्ही एकत्र वाचली की कशाचाच पत्ता लागत नव्हता.

आमचे साहेब, नायब तहसीलदार रेठरेकर, यांनी ते पाच मिनिटांत सोडवलं. आपल्याला कारण शोधायचं नाही बाई, उत्तर द्यायचंय, असं म्हणून त्यांनी तीन फोन लावले. आठ दिवसांत मोरखिंडीला गाडी सुरू झाली. सकाळी साडेनऊला तालुक्याहून सुटायची, अकराला वर पोचायची, दुपारी तीनला परत फिरायची. त्याच गाडीने एक शिक्षक आणि एक नर्स वर जाऊ लागले, त्याच गाडीने खाली येऊ लागले. तसे तीन आदेश मीच टाइप केले. मग आम्ही निर्धास्त मनाने लिहिलं, हे खरे नाही.

एवढी गाडी, एवढा शिक्षक, एवढी नर्स अचानक आली कुठून, असं मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, दुसऱ्या एका गावाची आहे. मग त्या गावाचं काय, मी विचारलं.

"ते गाव अजून प्रश्नात आलेलं नाही," साहेब म्हणाले.

पण नागपूरला घोटाळा झाला. प्रश्न विचारणारे आमदार विरोधी पक्षाचे आणि जिभेचे तिखट. गाडी चालू आहे म्हणता, ती कधीपासून चालू आहे, परवापासून? असं त्यांनी भर सभागृहात विचारलं आणि दोन्हीकडचे बाक हसले. मंत्र्यांकडे तारीख नव्हती. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला आणि गावात जाऊन खात्री करून पुढच्या अधिवेशनात उत्तर द्या म्हणून सांगितलं. ही बातमी साहेबांनी आम्हाला वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवली, आणि वाचताना त्यांचे कान लाल झाले होते.

म्हणून मला मोरखिंडीला पाठवलं होतं. पंचवीस गावकऱ्यांचे जबाब आणायचे होते. जबाब टाइप करूनच बरोबर दिले होते: गावात गाडी नियमित येते, शाळा नियमित भरते, परिचारिका उपस्थित असते. खाली फक्त नाव आणि सही किंवा अंगठा बाकी. सोमवारी अहवाल मुंबईला जायचा होता. एवढंसं काम बिघडवलंत तर तुमच्या बढतीचे कागद माझ्या टेबलावरून हलणार नाहीत, असंही साहेबांनी निघताना सांगून ठेवलं होतं. मला ते काम सोपं वाटलं होतं. गाडी येत असलेल्या गावाकडून गाडी येते एवढंच वदवून घ्यायचं होतं.

खरं तर गोंधळाला सुरुवात गाडीतच झाली होती. माझ्या शेजारी बायडा झोरे नावाची बाई बसली होती. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, पोटुशी, सातवा महिना सरत आलेला. आदल्या दिवशीच्या गाडीने खाली येऊन, भावाकडे राहून, तालुक्याच्या दवाखान्यात तपासून परत चालली होती. बोलकी होती. पदरात बांधलेले आवळे तिने सोडले, मिठाची पुडी काढली आणि मला एकेक आवळा देत राहिली.

"दोन गेली," तिने पोटावर हात ठेवून सांगितलं. "ह्ये तिसरं."

मी काय बोलणार? तीच पुढे सांगत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मूल आडवं आहे, घरी बाळंत व्हायचं नाही, आठ दिवस आधीच दवाखान्यात येऊन राहा. दिवस पाडव्याच्या आसपासचे होते. मोरखिंडीपासून तालुका चौदा मैल, त्यातली निम्मी वाट उताराची आणि दगडांची. "पर आवंदा गाडी हाय," ती म्हणाली, "आवंदा जिवाला घोर न्हाय." आणि मग तिने मला विचारलं की मी कुणाकडे चालले आहे.

मी जरा ऐटीतच सांगितलं. गाडी येते, शाळा भरते, नर्स असते, असा सगळ्यांचा जबाब घ्यायला आले आहे. आज अंगठे झाले की सोमवारी विधानसभेच्या प्रश्नाचं उत्तर रवाना.

तिने हातातला आवळा परत पदरात टाकला. पदराची गाठ बांधली. मग ती उठली, दांड्याला धरत धरत मागे गेली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी उरलेला घाट एकटीच बसून, आपलं काय चुकलं याचा विचार करत चढले. तिच्या गेलेल्या मुलांबद्दल मी दोन शब्द बोलले नाही म्हणून तिला राग आला असेल, असं मला वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

आणि खाली उतरले तर हा बंपरवाला. सदू येडगे त्याचं नाव, साठीचा, डोक्याला मुंडासं, गावच्या वतीने ग्रामपंचायतीत बसणारा. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी शाळेकडे गेले.

शाळेत चौदा मुलं होती. गुरुजी फळ्यावर साताचा पाढा लिहीत होते. मी मुलांना विचारलं, शाळेत गुरुजी येतात का? चौदाही मुलांनी एका सुरात सांगितलं, न्हाय. गुरुजी खडू हातात धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि सात सक्कं लिहून पुढे चालू केलं.

उपकेंद्रात नर्सबाई एका म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजत होत्या. त्या म्हातारीला मी विचारलं, आजी, इथे नर्स असते का? म्हातारीने दंडाचा पट्टा दुसऱ्या हाताने झाकला. "कोन नर्स?" ती म्हणाली. "हितं कोन येतंय मरायला?" नर्सबाई ओठ दाबून पाऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, ते मला तेव्हा कळलं नाही.

दीड वाजेपर्यंत मी अख्खं गाव पालथं घातलं. पस्तीस घरं, एकही अंगठा नाही. सगळे प्रेमाने बसवत होते, पाणी देत होते, गूळ देत होते, आणि गाडी येत नाही म्हणून सांगत होते. एका घरात तर गाडी आली की तिच्या आवाजावर अकराचा चहा ठेवतात, असं सुनेच्या तोंडून निसटलं, आणि सासूने तिला डोळ्यांनी गप्प केलं. माझा पारा चढत चालला होता. ह्या लोकांना सरकारने गाडी दिली, शिक्षक दिला, नर्स दिली, आणि ह्यांना साधं हो म्हणता येत नाही? मी परत सदू येडग्यांना गाठलं आणि चांगलं सुनावलं. सरकारी कामात तुम्ही धडधडीत खोटं सांगताय, हा गुन्हा आहे, असंही म्हणाले. असा काही गुन्हा आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

येडगे रागावले नाहीत. त्यांनी मुंडासं काढलं, झटकलं आणि परत बांधलं.

"खरं सांगून बघितलंय, मॅडम," ते म्हणाले.

म्हणजे काय, हे विचारायच्या आत बायडा आली. ती म्हणाली, सकाळपास्नं उपाशी हिंडतायसा, दोन घास खाऊन घ्या. गाडीत उठून गेलेली बाई आता जेवायला बोलावत होती. मी इतकी गोंधळले होते की मुकाट तिच्या मागे गेले.

तिच्या घरात नवरा नव्हता, तो मेंढरं घेऊन देशावर गेला होता. चुलीपुढे पाट टाकून तिने मला बसवलं आणि नाचणीची भाकरी थापायला घेतली. पोट सांभाळत, एक पाय पुढे पसरून. मग पाठमोरीच म्हणाली, "ताई, ह्यो तुमचा प्रश्न किती दिस चालतोय?"

मला वाटलं, तिला घाई आहे. सरकारचं काम रखडतं, असा तिचा टोमणा असेल. मी म्हटलं, "आता नाही रेंगाळणार. सोमवारीच संपवते बघ."

तिचा थापणारा हात थांबला.

"पाडव्यापतूर न्हाय का चालायचा?"

"कशाला चालायचा?" मी म्हणाले. "प्रश्न लवकर सुटलेला बरा ना?"

तेव्हा ती वळली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने जे सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी असाच प्रश्न आला होता. अशीच एक दिवस गाडी सुरू झाली होती, अशीच नर्स आली होती. मग असाच एक साहेब कागद घेऊन आला. गावाला इतका आनंद झालेला, की सगळ्यांनी रांग लावून अंगठे दिले. साहेबाला नारळ दिला. बायडाने पण अंगठा दिला, तेव्हा ती नववा महिना भरत आलेली पहिलटकरीण होती. शुक्रवारी साहेब कागद घेऊन गेला. सोमवारी गाडी आली नाही. मंगळवारी आली नाही. बुधवारी तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा चार माणसांनी तिला झोळीत घातलं आणि खाली न्यायला निघाले. मूल खिंडीतच झालं आणि खिंडीतच गेलं. दुसऱ्या वेळी प्रश्नही नव्हता आणि गाडीही नव्हती, झोळी मात्र होती.

"आमी खरं सांगितलं आन् गाडी ग्येली," ती म्हणाली. "म्हून आवंदा गावानं ठरीवलंय, न्हाय म्हनायचं. न्हाय म्हनलं का तुमचा प्रश्न चालतोय. प्रश्न चालला का गाडी चालतीया."

मी तिला सांगणार होते की असं काही नसतं, हा तुमचा गैरसमज आहे, उत्तर गेलं म्हणून कुणी गाडी बंद करत नाही. तोंड उघडलंही होतं. आणि तेवढ्यात मला मीच टाइप केलेले आदेश आठवले. गाडी, शिक्षक, परिचारिका, तिन्हींच्या आदेशात शेवटची ओळ एकच होती: विधानसभा प्रश्नाचे उत्तर जाईपर्यंत तात्पुरत्या स्वरूपात. ती ओळ मी तीनदा टाइप केली होती, तिच्या सहा प्रती काढल्या होत्या, आणि तिचा अर्थ माझ्या मनाला शिवलाही नव्हता. ह्या डोंगरावरच्या, माझ्या मते अडाणी माणसांनी आमचं कामकाज माझ्यापेक्षा चांगलं ओळखलं होतं.

मला त्या क्षणी फार शरम वाटली. बायडाने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि मला दुसरी थापून दिली.

तीनच्या गाडीने मी खाली आले. पिशवीत पंचवीस कोरे जबाब होते.

दुसऱ्या दिवशी मी अभिलेख कक्षात जाऊन ब्याण्णव सालची फाईल काढली. धूळ झटकून उघडली तर आत पंचवीस जबाब, नीट दोऱ्याने बांधलेले. सतराव्या कागदावर बायडा झोरेचा अंगठा होता, जरा तिरका उठलेला. प्रत्येक कागदाखाली जबाब घेणाऱ्याची सही होती. सही मला चांगली ओळखीची होती, रोज माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांवर मी तीच बघत होते. रेठरेकर साहेब तेव्हा अव्वल कारकून होते.

शनिवार-रविवार मी घरी अहवाल लिहीत बसले. काय लिहावं हे खरोखर कळत नव्हतं. गाडी येते असं लिहिलं तर ते खरं होतं, आणि सोमवारी गाडी बंद होणार होती. येत नाही असं लिहिलं तर ते खोटं होतं, आणि माझी नोकरी गेली असती. आई विचारत होती, एवढं काय अडलंय. तिला सांगायला गेले तर मलाच ते सांगता येईना. शेवटी मी ठरवलं की जे पाहिलं आणि जे ऐकलं ते, त्यात काडीचाही बदल न करता, सगळं लिहायचं.

सोमवारी साहेबांनी अहवाल वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीलाच चष्मा काढला.

"हे काय आहे बाई? 'श्री. सदू येडगे यांनी गाडीस टेकून सांगितले की गावात गाडी येत नाही.'"

"तसंच सांगितलं त्यांनी, साहेब."

"'शिक्षक शिकवीत असताना विद्यार्थ्यांनी शिक्षक येत नसल्याचे सांगितले.'" त्यांनी पान उलटलं. "'रक्तदाब तपासून घेत असलेल्या वृद्धेने परिचारिका पाहिली नसल्याचे सांगितले.' ह्यातून मुंबईला काय समजणार?"

"काहीच नाही, साहेब."

ते माझ्यावर भडकणार होते. त्यांच्या मानेची शीर मला दिसत होती. मी काखेतली ब्याण्णवची फाईल त्यांच्यापुढे ठेवली आणि सतरावा कागद उघडला.

साहेबांनी त्या अंगठ्यावरून बोट खाली, स्वतःच्या सहीपर्यंत आणलं.

"आठवतं मला हे गाव," ते म्हणाले. "नारळ दिला होता त्यांनी." मग विचारलं, "ह्या बाईचं काय?"

मी शुक्रवार, सोमवार, बुधवार सांगितलं. झोळी सांगितली. आता परत पाडव्याला दिवस भरतात, तेही सांगितलं. साहेबांनी टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली. शिपाई चहा घेऊन आला, त्याला हातानेच परत पाठवलं.

"मुंबई हा अहवाल परत पाठवील," ते म्हणाले. "खुलासा मागवील. तुम्हाला पुन्हा वर जावं लागेल."

"जाईन, साहेब."

"पुन्हाही ते असंच बोलतील."

"बोलतील, साहेब."

त्यांनी पेन उघडलं आणि अहवालाच्या खाली, ब्याण्णव साली केली होती तशीच, सही केली.

मुंबईने अहवाल तीन आठवड्यांनी परत पाठवला. प्रस्तुत अहवाल परस्परविसंगत आहे, खुलासा करावा. मी पुन्हा मोरखिंडीला गेले. ह्या वेळी सदू येडगे गाडीच्या टपावरून उतरवलेल्या तांदळाच्या पोत्यावर बसून म्हणाले, गाडी येत नाही. मी लिहून घेतलं. बायडाने आवळ्यांची बरणी भरून दिली. तो खुलासाही परत आला, अधिक स्पष्ट खुलासा करावा असा शेरा घेऊन. मार्चात मुंबईचं अधिवेशन सुरू झालं, प्रश्न पुकारला गेला, मंत्र्यांनी सांगितलं, माहिती घेण्यात येत आहे. आमदार गरजले, सरकारला एक गाडी चालू आहे की बंद हे तीन महिन्यांत कळत नाही? ते वाचून मी आणि साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पाडव्यानंतर तीन दिवसांनी मोरखिंडीच्या नर्सबाई कसल्याशा बैठकीला जिल्ह्याला आल्या होत्या. त्या माझ्या टेबलापाशी आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मुलगी झाली. पोट उघडावं लागलं, पण दोघी बऱ्या आहेत." आठ दिवस आधी बायडा गाडीने खाली आली होती, कंडक्टरने तिला पुढची सीट दिली होती. मला इतका आनंद झाला की मी उठून नर्सबाईंचे दोन्ही हात धरले. सगळी कचेरी बघत होती.

एप्रिलच्या मध्याला आमचा दुसरा खुलासा गेला. आता लांबवायला जागा उरली नव्हती. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. उत्तर पटलावर ठेवलं गेलं. सोमवारी गाडी बंद झाली. मला माहीत होतं तरी त्या दिवशी साडेनऊला मी घड्याळाकडे पाहिलं.

मला वाटलं होतं, बायडाचं निभावलं, आता आपण मोकळ्या झालो. तसं झालं नाही. टेबलावर बसलं की ती चौदा मुलं डोळ्यांपुढे यायची. साताचा पाढा त्यांचा पुरा झाला असेल का, हेच मनात यायचं. त्या जून महिन्यात मी बहिणीच्या टायपिंग क्लासला गेले. तिथलं मशीन कचेरीच्या मशीनपेक्षा वेगळं होतं, अक्षरावरून कुणाला कळलं नसतं. मोरखिंड या गावाला जाणारी गाडी बंद आहे, शाळेला शिक्षक नाही, उपकेंद्राला परिचारिका नाही, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय? प्रश्न कसा विचारावा हे त्या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या बाजाराला आलेल्या सदू येडग्यांनी खाली अंगठा केला आणि कागद आमदारांच्या घरच्या पेटीत टाकला. आयता, तीन भागांत बांधलेला प्रश्न कुठल्या आमदाराला नको असतो? महिन्याभराने तो छापील होऊन माझ्या टेबलावर आला. मी तिन्हीकडे पत्रं टाकली. आठ दिवसांत गाडी सुरू झाली.

हे नऊ वर्षं चाललं. सरकारी नोकराने करू नये असं हे काम होतं आणि पकडले गेले असते तर घरी बसले असते. ह्या टोकाला प्रश्न मी लिहीत होते, त्या टोकाला उत्तरही मीच लिहीत होते, आणि मधल्या महिन्यांत गाडी घाट चढत होती. माझी बढती चार वर्षं मागे पडली, कारण माझे खुलासे वेळेत जात नाहीत असा शेरा माझ्या नावावर बसला होता. त्याचं वाईट वाटायचं, नाही कसं? पण खरं खुपायचं ते दुसरंच. मोरखिंडीची गाडी चालू झाली की ती दुसऱ्या कुठल्या तरी गावाची बंद व्हायची. ते गाव कोणतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला कागद टाइप करवला नसता.

रेठरेकर साहेब दोन हजार पाचला निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात ते खण रिकामा करत बसले होते. मला हाक मारली. टाचण्यांची डबी, मोडका स्टेपलर, असलं काहीबाही माझ्या हवाली करत होते.

"साळोखे बाई," ते खणातच बघत म्हणाले, "मोरखिंडीचा प्रश्न यंदा आला नाही अजून."

आईच्या आजारपणात त्या खेपेला माझ्याकडून राहून गेलं होतं. साहेबांना केव्हापासून माहीत होतं? पहिल्या वर्षापासून?

"प्रश्न द्यायची मुदत परवा संपते," ते म्हणाले आणि खण बंद केला.

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. नऊ वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "साहेब, ती गाडी कुठल्या गावाची असते?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी एका चिठ्ठीवर गावाचं नाव लिहिलं, चिठ्ठी दुमडली आणि माझ्या हातातल्या टाचण्यांच्या डबीखाली सरकवली.

त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बहिणीच्या क्लासात, खिडकीजवळच्या मशीनवर बसून, मी दोन प्रश्न टाइप केले. दुसऱ्यासाठी गाडी कुठून येईल, ते मला माहीत नव्हतं.